स्वतःच्या देहाची साक्ष : जो स्पेन्स ह्यांची आत्मकथनपर छायाचित्रकला

(द्वितीय वर्ष बी. ए.)

आत्मचरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक जाडसे पुस्तक येते. लेखकाने उतारवयात मागे वळून पाहावे, आठवणींची जुळवाजुळव करावी आणि आयुष्याचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावा, अशी ह्या वाङ्मयप्रकाराची आपली ओळख. परंतु शब्दांऐवजी छायाचित्रांतून आत्मचरित्र सांगता येते काय? आणि सांगायची गोष्ट जर स्वतःच्या देहाची, त्या देहावर कोसळलेल्या संकटाची आणि त्यातून तगून राहण्याची असेल, तर ती कशी सांगावी? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १९७० नंतर, पाश्चात्त्य देशांतील अनेक स्त्री-कलावंतांनी हा प्रश्न हाती घेतला. त्यांपैकी जो स्पेन्स ह्या इंग्रज छायाचित्रकर्तीच्या कामाचा परिचय करून द्यावा व त्या निमित्ताने काही विचार मांडावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

अशा कलेवर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, हे स्वतःचे रडगाणे आहे, कला नव्हे. दुसरा असा की, देहासारखी खाजगी गोष्ट चव्हाट्यावर मांडणे हे धैर्य नसून प्रदर्शन आहे. हे आक्षेप घेणारे सगळेच मागासलेले असतात असे मुळीच नाही. अशी चित्रे प्रथम पाहताना आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात हेच येते. म्हणून ते टाळून पुढे जाण्यापेक्षा त्यांची तपासणी केलेली बरी. पण त्याआधी काम पाहिले पाहिजे.

ह्या विषयात पहिले नाव निघते ते मेक्सिकोच्या फ्रिडा काहलो ह्यांचे. १९२५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बसच्या भीषण अपघातात त्यांचा पाठीचा कणा, कमरेचे हाड आणि पाय मोडला. पुढे आयुष्यभर शस्त्रक्रिया आणि वेदना सोबतीला राहिल्या. १९४४ साली रंगविलेल्या ‘भग्न स्तंभ’ ह्या चित्रात त्यांनी स्वतःच्या कण्याच्या जागी ठिकठिकाणी तडकलेला दगडी खांब दाखविला आहे. हे चित्र एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. परंतु चित्रकाराला एक सोय असते. त्याच्यासमोरचा कॅनव्हास कोरा असतो. छायाचित्रकाराला ही सोय नाही. आपण कॅमेरा हाती घेण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या देहाची छायाचित्रे दुसऱ्या कोणीतरी काढून ठेवलेली असतात : आईवडिलांनी, स्टुडिओवाल्याने, शाळेने, आणि दुखणे आलेच तर दवाखान्यातील यंत्राने. ‘माझे’ म्हणून जे चित्र माझ्याजवळ असते, ते बहुधा मी काढलेले नसते. स्पेन्सबाईंच्या साऱ्या कामाचा उगम ह्या साध्या गोष्टीत आहे.

कामगाराच्या घरातून स्टुडिओत

जो स्पेन्स ह्यांचा जन्म १९३४ साली लंडनमध्ये एका कामगार कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनमधील हजारो मुलांना घरापासून दूर खेड्यापाड्यांत पाठविण्यात आले, त्यांत त्याही होत्या. शाळेनंतर त्यांनी सेक्रेटरीच्या कामाचे शिक्षण घेतले आणि नोकरीच्या निमित्ताने त्या छायाचित्रणाच्या धंद्याशी जोडल्या गेल्या. कचेरीतले काम करता करता त्या कॅमेरा शिकल्या, आणि १९६७ साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. लग्ने, तान्ही मुले, कुटुंबे, नोकरीच्या शोधातील नटनट्या अशी गिऱ्हाइके घेऊन हा स्टुडिओ १९७४ पर्यंत चालला.

हा काळ त्यांच्या चरित्रातील केवळ पोटापाण्याचा भाग म्हणून सोडून देता येणार नाही. स्टुडिओवाल्याला जे ठाऊक असते ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. हनुवटी किती वर करायची, प्रकाश कोठून सोडला म्हणजे सुरकुती लपते, कोणता फोटो मोठा करून द्यायचा आणि कोणता पाकिटातच ठेवायचा, हे त्याचे रोजचे ज्ञान. सुखी कुटुंबाचे चित्र कुटुंबाच्या सुखातून आपोआप उमटत नाही, ते तयार करावे लागते. आणि आपण ते पैसे घेऊन तयार करीत आलो, ही जाणीव स्पेन्सबाईंना झाली. बाहेरून टीका करणाऱ्या पंडितापेक्षा त्यांची टीका निराळी वाटते ती ह्यामुळे.

कॅमेऱ्याला न दिसणारे

१९७४ साली त्यांनी टेरी डेनेट ह्या सहकाऱ्यासमवेत ‘फोटोग्राफी वर्कशॉप’ ही संस्था सुरू केली. त्याच सुमारास पूर्व लंडनमधील हॅकनी ह्या कामगार वस्तीत ‘हॅकनी फ्लॅशर्स’ नावाचा गट उभा राहिला, त्यातही त्या होत्या. १९७५ साली ह्या गटाने ‘स्त्रिया आणि काम’ असे प्रदर्शन भरविले. कारखान्यांत, कचेऱ्यांत, भटारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांची ती छायाचित्रे होती. हेतू सरळ होता : जे काम कोणी पाहत नाही ते दाखवायचे.

पुढे १९७८ साली त्यांनी दुसरा विषय घेतला, ‘मूल कोण सांभाळतंय?’ आणि येथे एक अडचण उभी राहिली. वस्तीत पाळणाघरांची टंचाई होती. पण नसलेल्या पाळणाघराचा फोटो कसा काढणार? कॅमेरा जे समोर असते तेच टिपतो. जे नाही ते त्याला टिपता येत नाही. पाळणाघरात खेळणाऱ्या मुलांचा गोड फोटो काढला तर पाहणाऱ्याला सारे आलबेल वाटावे! तेव्हा ह्या स्त्रियांनी छायाचित्रांना रेखाचित्रांची, जाहिरातींच्या कात्रणांची आणि मजकुराची जोड दिली. छायाचित्र एकटे खरे बोलत नाही, त्याच्या शेजारी काय ठेवले आहे आणि खाली काय लिहिले आहे ह्यावर त्याचा अर्थ ठरतो, हा धडा स्पेन्सबाईंनी सामाजिक कामात शिकला आणि पुढे स्वतःच्या देहाला लावला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या ‘मी’पासून निघून समाजाकडे गेल्या नाहीत, समाजाकडून ‘मी’कडे आल्या.

घरचा अल्बम

१९७९ साली लंडनच्या हेवर्ड कलादालनात त्यांची ‘कौटुंबिक अल्बमच्या पलीकडे’ ही मालिका मांडली गेली. स्वतःच्या लहानपणापासूनचे फोटो त्यांनी क्रमाने लावले आणि प्रत्येकाखाली त्या वेळी खरोखर काय चालले होते ते लिहिले. फोटोत हसू आहे, पण मजकुरात आजारपण आहे, घरापासून झालेली ताटातूट आहे, पैशाची ओढाताण आहे.

ह्या मालिकेतील एक जोडी फार बोलकी आहे. एका बाजूला साडेआठ महिन्यांच्या जो स्पेन्सचा फोटो. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे बाळाला उघडेच बैठकीवर पालथे ठेवले आहे. दुसऱ्या बाजूला तीच पोज घेतलेल्या, तशाच उघड्या, चव्वेचाळीस वर्षांच्या जो स्पेन्स. खाली मजकूर : ‘५२८ महिन्यांनंतर’. पाहणारा प्रथम हसतो, मग अवघडतो. बाळाचा उघडा देह पाहून आपल्याला कौतुक वाटते. मध्यमवयीन, सैलावलेला, सामान्य बाईचा देह पाहून आपण नजर का वळवितो? देह तोच आहे, मधे फक्त ५२८ महिने गेले आहेत. सौंदर्याच्या कल्पनेवर लिहिलेली पुष्कळ पाने जे सांगत नाहीत, ते ही जोडी सांगून जाते.

अल्बममध्ये काय असते ह्यापेक्षा काय नसते, हा त्यांचा खरा प्रश्न होता. वाढदिवस असतात, भांडणे नसतात. सहल असते, काम नसते. नवे बाळ असते, बाळंतपण नसते. हे वाचताना आपल्याकडील भिंतीवरच्या फोटोंची आठवण झाल्यावाचून राहत नाही. लग्नाचा जोडफोटो असतो, जत्रेत पडद्यासमोर उभे राहून काढलेला असतो, देवाघरी गेलेल्या आजोबांचा हार घातलेला असतो. पण भाकरी थापणाऱ्या, खुरपणी करणाऱ्या, तापात पडलेल्या आईचा फोटो किती घरांत आहे? आईचे निम्मे आयुष्य ज्या कामात गेले त्या कामाला आपल्या अल्बममध्ये एक पान नाही.

एक प्रश्नचिन्ह

१९७९ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, स्पेन्सबाई पॉलिटेक्निक ऑफ सेंट्रल लंडनमध्ये छायाचित्रणाच्या पदवीसाठी दाखल झाल्या. १९८२ साली पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले.

रुग्णालयातील एक प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. त्या खाटेवर असताना पांढऱ्या कोटातील एक तरुण डॉक्टर विद्यार्थ्यांच्या घोळक्यासह आला, कागदपत्रे पाहिली, आणि वाकून त्यांच्या डाव्या स्तनाच्या वरच्या भागावर शाईने फुली काढू लागला. कोणता भाग काढायचा त्याची ती खूण होती. त्यांच्याशी नीट बोलणे असे झालेच नव्हते. त्या क्षणी आपल्याच तोंडून ‘नाही’ असा शब्द बाहेर पडलेला त्यांनी ऐकला. संपूर्ण स्तन काढण्यास त्यांनी नकार दिला व फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया स्वीकारली. नंतर त्या चिनी पारंपरिक उपचारांकडे वळल्या. त्यांचा हा वैद्यकीय निर्णय सर्वांनी गिरवावा असे येथे सुचवायचे नाही. ज्याचा त्याचा आजार निराळा. मुद्दा फुली कोणी मारली आणि ती मारण्याआधी कोणाला विचारले, एवढाच आहे.

शस्त्रक्रियेसाठी जाण्यापूर्वी त्यांनी टेरी डेनेट ह्यांच्या साहाय्याने काही छायाचित्रे काढली. त्यांत त्या स्वतःच्या स्तनावर पेनाने निरनिराळे मजकूर लिहून कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. सर्वांत गाजलेल्या छायाचित्रात लिहिले आहे, ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ आपल्या देहावर आपला काही हक्क आहे ह्याची आठवण राहावी म्हणून, एखाद्या ताईतासारखे, हे छायाचित्र त्यांनी बरोबर नेले.

ह्या मजकुरातील शेवटचे चिन्ह पाहा. ‘ही माझी मालमत्ता आहे’ असे ठणकावून लिहिता आले असते. घोषणा म्हणून ते शोभलेही असते. परंतु त्यांनी प्रश्नचिन्ह टाकले. कारण खाटेवर पडलेल्या बाईला आपला देह आपला आहे की नाही ह्याची खात्री राहिलेली नव्हती, आणि जे वाटत नव्हते ते लिहायचे नाही एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. डॉक्टरची फुली आणि त्यांचे प्रश्नचिन्ह, दोन्ही शाईच्याच खुणा. एकीने चर्चा संपते, दुसरीने सुरू होते.

पुढील चार वर्षांत ‘प्रकृती उत्तम?’ अशा अर्थाच्या नावाची मालिका तयार झाली. मूळ इंग्रजी नावाच्या शेवटीही प्रश्नचिन्ह आहेच. मॅमोग्राफीच्या यंत्रात दाबून धरलेला स्तन, खाटेवरून दिसणारा डॉक्टरांचा घोळका, शस्त्रक्रियेनंतरचा व्रण हे सारे त्यात येते. खाटेवरून काढलेला डॉक्टरांचा फोटो मला विशेष महत्त्वाचा वाटतो. एरवी डॉक्टर रुग्णाकडे पाहतो आणि रुग्ण छताकडे. येथे रुग्ण डॉक्टरकडे पाहतो आहे.

हे वाचले तेव्हा मला दूरचे काही वाचतो आहोत असे वाटले नाही. आमच्या नात्यातील एका बाईंची गर्भपिशवी ऐन पस्तिशीत काढली. कशासाठी, असे विचारले तर त्या म्हणतात, “डॉक्टर म्हणले, काढून टाकू, पुढं तरास नको. मग काढली.” कागदावर सही नवऱ्याची. फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. आमच्या घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिली, त्यामुळे इतक्या वर्षांनी ती फाईल माझ्या हाती आली. “काय लिवलंय गं त्यात?” असे त्यांनी विचारले. मी जमेल तसे मराठीत सांगितले. दीड पानात सारे संपले. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “एवढंच व्हय?” त्यांच्या देहाची हकीकत त्यांच्याच पेटीत, पण त्यांना न वाचता येणाऱ्या भाषेत पडून होती. ती शस्त्रक्रिया गरजेची होती की नव्हती हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्या ‘एवढंच’मध्ये जे उरले ते कोठे लिहिले जाणार होते? स्पेन्सबाईंची छायाचित्रे ही अशा न लिहिलेल्या पानांची जागा भरून काढतात, असे मला वाटते.

दोघींचा उपचार

१९८४ च्या सुमारास स्पेन्सबाईंनी रोझी मार्टिन ह्या सहकारिणीबरोबर ‘फोटो-थेरपी’ म्हणजे छायाचित्रांद्वारे उपचार ही पद्धत विकसित केली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. दोघी समोरासमोर बसतात. एकीने बोलायचे, दुसरीने मधे न तोडता ऐकायचे. बोलताना जो सल वर येईल त्याचे दृश्य ठरवायचे, त्याला लागणारे कपडे व वस्तू जमवायच्या, आणि मग पहिलीने ते दृश्य वठवायचे, दुसरीने फोटो काढायचा. नंतर अदलाबदल. कॅमेरा कोणा एकीच्या हाती कायम राहत नाही, हे ह्या पद्धतीचे मर्म. फोटो हाती आल्यावर ते पुन्हा दोघींनी मिळून पाहायचे आणि त्यांवर बोलायचे.

ह्या प्रयोगांत स्पेन्सबाई स्वतःच्या आईची भूमिका करतात. युद्धकाळात कारखान्यात काम करणारी, डोक्याला फडके बांधलेली आई. आईच्या वेशात उभे राहिल्यावर, मुलगी म्हणून तिच्याविषयी मनात साचलेला राग त्यांना नव्याने तपासावा लागला. आई उठल्यासुटल्या रागावत असे; पण दिवसभर कारखाना आणि रात्री घर सांभाळणाऱ्या बाईच्या खांद्यांची ठेवण कशी होते हे त्यांना स्वतःचे खांदे तसे ठेवल्यावर कळले. बुद्धीने जे समजले होते ते देहाने समजले. सुशिक्षितांच्या जगात वावरताना आपण कामगाराच्या घरच्या आहोत ह्याची जी लाज त्यांना वाटे, तीही त्यांनी ह्या कामाचा विषय केली. शिक्षणाने माणूस घरापासून थोडा दूर जातोच. घरातली बोली वर्गात चालत नाही आणि वर्गातली भाषा घरात परकी वाटते, हे आमच्यासारख्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ही लाजही देहातच राहते : बोलताना आवाज खाली येतो, हात पदराआड जातात. स्पेन्सबाईंच्या दृष्टीने कर्करोगाचा व्रण आणि ही लाज ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. दोन्ही एकाच देहावर होत्या.

१९८६ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या नावाचा आशय ‘स्वतःला चित्रात ठेवताना’ असा आहे, आणि उपशीर्षकात त्याला राजकीय, वैयक्तिक व छायाचित्रात्मक आत्मचरित्र म्हटले आहे. ह्यात ‘राजकीय’ हा शब्द ‘वैयक्तिक’च्या आधी येतो, हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

आक्षेपांचा विचार

आता सुरुवातीच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप रडगाण्याचा. रडगाणे गाणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे ऐकणाऱ्याची कीव. स्पेन्सबाईंचे छायाचित्र कीव मागत नाही, प्रश्न विचारते. हे चित्र कोणी काढले? कोणासाठी? त्यात काय गाळले? ‘५२८ महिन्यांनंतर’सारखा मजकूर लिहिणाऱ्या बाईला स्वतःवर हसताही येत होते. शिवाय त्यांच्या कामात ‘मी’ एकटा क्वचितच असतो. डेनेट आहेत, मार्टिन आहेत, हॅकनीच्या मैत्रिणी आहेत. आत्मचरित्र असूनही ते अनेकांच्या हातांनी झालेले आहे.

दुसरा आक्षेप प्रदर्शनाचा. तो अधिक गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी १९९० सालचे एक छायाचित्र विचारात घेऊ. डॉक्टर टिम शीअर्ड ह्यांच्या सहकार्याने केलेल्या पाच छायाचित्रांच्या मालिकेतील हे चित्र. त्याचे नाव ‘हद्दपार’. स्पेन्सबाईंनी अंगावरचा झगा समोरून उघडला आहे. शस्त्रक्रियेने आकार बदललेला स्तन दिसतो आहे आणि छातीवर ‘राक्षस’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिलेला आहे. चेहरा अर्धा झाकलेला. हे छायाचित्र पाहणे सोपे नाही.

परंतु प्रदर्शन आणि साक्ष ह्यांत फरक आहे. प्रदर्शनात पाहणाऱ्याला जे पाहायचे असते ते दाखविले जाते. जाहिरातीतील स्त्रीदेह घ्या. तो आपल्या रस्त्यांवर, बसस्टॉपवर, वर्तमानपत्रांत रोज असतो आणि त्यावर प्रदर्शनाचा आक्षेप फारसा कोणी घेत नाही. साक्षीत मात्र पाहणाऱ्याला जे पाहायचे नसते तेच पुढे येते. ‘राक्षस’ हा शब्द कोणाचा, हा विचार केला म्हणजे फरक अधिक स्पष्ट होतो. व्रण असलेल्या बाईला तोंडावर कोणी तसे म्हणत नाही. लोक फक्त नजर वळवितात. त्या वळविलेल्या नजरेचा जो अर्थ बाईच्या मनात उतरतो, तो त्यांनी अक्षरांत लिहून छातीवर धरला. लिहिल्यावर तो शब्द त्यांचा राहिला नाही, पाहणाऱ्याचा झाला. त्याने आता तो परत घ्यावा, किंवा तसाच ठेवावा.

येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. प्रत्येक दुखावलेल्या स्त्रीने आपला व्रण जगासमोर मांडलाच पाहिजे, न मांडणारी भित्री, असा निष्कर्ष ह्यातून काढणे अन्यायाचे होईल. आमच्या नात्यातील बाईंनी ती फाईल पुन्हा पेटीत ठेवली, तो त्यांचा अधिकार आहे. दाखविण्याचा हक्क ज्याला आहे त्याला झाकण्याचाही आहे. हक्क म्हणजे निवड. सक्ती आली की हक्क संपतो.

अखेरचे काम

कला दुखणे बरे करते काय? स्पेन्सबाईंनी असा भाबडा दावा करण्याचे कारण नव्हते, कारण त्यांना पुढे दुसरा आजार झाला. हा रक्ताचा कर्करोग, ल्यूकेमिया होता. स्तनाच्या गाठीला जागा होती, व्रणाला आकार होता, त्यांचे छायाचित्र काढता येत होते. रक्तात पसरलेल्या आजाराचे छायाचित्र कसे काढायचे? हॅकनीत नसलेल्या पाळणाघराने जो प्रश्न घातला होता, तोच आता त्यांच्या रक्ताने घातला. आजार अदृश्य आहे, तो दाखविणे अशक्य आहे, हे त्यांनी मान्य केले.

तरीही १९९१-९२ मध्ये टेरी डेनेट ह्यांच्यासमवेत त्यांनी ‘अखेरचा प्रकल्प’ केला. अशक्त झालेल्या देहाला नवी दृश्ये वठविणे झेपेना, तेव्हा त्यांनी आपल्या जुन्या पारदर्शिका काढल्या व एकीवर एक ठेवून नवी चित्रे बनविली. मेक्सिकोत मृतांच्या स्मरणार्थ जो सण पाळतात, त्यातील सांगाड्यांचे मुखवटे त्यांनी ह्या चित्रांत वापरले. मृत्यूकडे पाहून हसणाऱ्या त्या मुखवट्यांत भीती आहेच, पण खोडकरपणाही आहे. १९९२ साली जो स्पेन्स ह्यांचे निधन झाले.

म्हणजे ‘तगून राहणे’ ह्याचा अर्थ येथे मृत्यूला चुकविणे असा नाही. दहा वर्षे त्या आजारासोबत जगल्या, आणि त्या दहा वर्षांत आपल्या देहाविषयी बोलण्याचे काम त्यांनी सर्वस्वी दुसऱ्यांवर सोपविले नाही. आजाराने त्यांचे आयुष्य घेतले. त्या आयुष्याचे वर्णन मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवले. आत्मकथनपर कलेकडून ह्याहून अधिक मागणे कदाचित योग्य होणार नाही, आणि हे काही थोडे नाही.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. स्वतःचा फोटो काढायला स्टुडिओ लागत नाही, दुसऱ्याचा हातही लागत नाही. दिवसातून दहा वेळा आपण स्वतःला चित्रात ठेवतो. पण हनुवटी किती वर करायची, कोणता फोटो ठेवायचा आणि कोणता पुसायचा, हे ठरविताना आपल्या डोक्यात तो जुना स्टुडिओवाला अजून बसलेला असतोच. स्पेन्सबाईंच्या कामाचा अभ्यास कलेच्या विद्यार्थ्यांनी तर करावाच, पण साहित्य, समाजशास्त्र आणि वैद्यक शिकणाऱ्यांनीही करावा. त्यासाठी महागडी साधने लागणार नाहीत. घरचा अल्बम खाली काढावा, आई किंवा आजी शेजारी बसवावी, आणि एकेका फोटोवर बोट ठेवून विचारावे : ह्या दिवशी खरं काय चाललं होतं? त्या जे सांगतील ते फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. आणि त्या काही न सांगता पान उलटतील, तर ते पान तसेच राहू द्यावे.